मदत हवी आहे: बेअरिंग स्टीलची १०० कोटी चक्रांची फटीग (वारंवार ताण देऊन धातू थकवण्याची) चाचणी, दोन मशीनचे आकडे जुळत नाहीत

मंडळी, १ टक्का कार्बन आणि १.५ टक्के क्रोमियमच्या बेअरिंग स्टीलवर काम करतोय, कडकपणा ७२० विकर्स (कडकपणाचं एक माप). आधी रोटेटिंग बेंडिंग मशीनवर (नमुना वाकवून फिरवणारं) ५० हर्ट्झने १ कोटी चक्रं झाली की नमुना उतरवून 'तुटला नाही' अशी नोंद करायचो. पण या स्टीलचा प्रश्नच तिथून पुढे सुरू होतो. पृष्ठभाग धड राहतो, भेग आत ऑक्साइडच्या कणापाशी पडते आणि ताण विरुद्ध चक्रं असा वक्र पुन्हा खाली उतरतो. ५० हर्ट्झने १०० कोटी गाठायला एका नमुन्याला २३१ दिवस! म्हणून २० किलोहर्ट्झच्या अल्ट्रासॉनिक मशीनकडे वळलो. न थांबवता चालवलं तर तेच १४ तासांत होतं.

आता घोळ असा: ८५० मेगापास्कलला बेंडिंगचे नमुने १ कोटी पार करतात, अल्ट्रासॉनिकचे ५० ते ८० लाखांत तुटतात. तुटलेल्या भागावर स्वच्छ फिश-आय (आतल्या कणाभोवतीचा गोल डाग) दिसतो, मधोमध साधारण ३० मायक्रॉनचा कण. बेंडिंगवर जास्त ताणाला आतून तुटलेल्या दोन नमुन्यांत मात्र कण १५ मायक्रॉनचेच होते. हा फ्रिक्वेन्सीचा परिणाम, की नमुना तापतोय? नमुने मोजकेच उरलेत, पुढची चाचणी वाया घालवायची नाहीये.

प्रतिसाद:
फ्रिक्वेन्सीला दोष देण्याआधी आकारमान बघा. बेंडिंगमध्ये पूर्ण ताण फक्त वरच्या पातळ थराला बसतो, अल्ट्रासॉनिकमध्ये मधला अख्खा छेद ताणला जातो. जास्त धातू ताणाखाली, म्हणजे मोठा कण सापडण्याची शक्यता जास्त. तुमचे १५ आणि ३० हेच सांगताहेत.

कणाच्या आकारावरून फटीग मर्यादा (त्याखालच्या ताणाला नमुना तुटू नये असा ताण) काढणारं मुराकामींचं सूत्र लावा: विकर्समध्ये १२० मिळवा, १.५६ ने गुणा, कणाच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाचं सहावं मूळ काढून त्याने भागा. तुमचे मायक्रॉन हे वर्गमूळच असेल तर ३० ला सुमारे ७४० मेगापास्कल येतात, १५ ला ८३५. बेंडिंगसाठी पृष्ठभागावरचा ताण घेऊ नका, कण जितका खोल तिथला घ्या. मग ताण भागिले ही मर्यादा, असा आलेख काढा. दोन्ही मशीनचे बिंदू एका पट्ट्यात आले तर फ्रिक्वेन्सी निर्दोष.

तापण्याची शंका मात्र रास्त आहे. मशीन थांबत-थांबत चालवता की सलग? नमुन्याच्या मानेवर (मधल्या बारीक भागावर) थंड करायला हवेचा झोत आहे का, आणि तापमान नेमकं कुठे मोजता?