मेश नेटवर्कवरून पंप-व्हॉल्व्ह चालवावेत का?

तारजोड:
झिगबी किंवा थ्रेडसारखं कमी विजेवर चालणारं मेश (उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पाठवतात असं बिनतारी जाळं) मोजमापासाठी उत्तम आहे. तापमान, ओल, टाकीची पातळी हवी तितक्या ठिकाणांहून गोळा करा. त्यावरून पंप चालवायला मात्र माझा ठाम विरोध आहे. या दोन्हींच्या ८०२.१५.४ रेडिओचा वेग २५० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला अडीच लाख बिट. १२७ बाइटची पूर्ण फ्रेम (एका वेळी जाणारा डेटाचा तुकडा) हवेतून जायलाच सव्वाचार मिलिसेकंद लागतात. त्याआधी चॅनेल मोकळं आहे का ते पाहायचं, नंतर पोचपावतीची वाट बघायची, ती आली नाही तर आणखी तीन प्रयत्न, आणि हे सगळं प्रत्येक हॉपला, म्हणजे एका उपकरणाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या प्रत्येक टप्प्याला. मधला राउटर (निरोप पुढे पाठवणारं उपकरण) बंद पडला तर नवा मार्ग शोधण्यात वेळ जातो तो वेगळाच. टाकी भरली तरी पंप थांबेल याची खात्री कोण देणार? फ्लोट स्विच (टाकी भरली की सर्किट तोडणारा तरंगता स्विच) कॉन्टॅक्टरच्या, म्हणजे पंपाची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, कॉइलला सिरीजमध्ये जोडा आणि मेशवर फक्त नोंद जाऊ द्या.

चॅनेल_२५:
अजिबात पटलं नाही. बहुतेक ठिकाणी दोष मांडणीचा असतो आणि खापर मेशवर फुटतं. कोऑर्डिनेटरचा (जाळ्याच्या मुख्य उपकरणाचा) डोंगल थेट यूएसबी ३ पोर्टच्या शेजारी खोचलेला असतो, आणि त्या पोर्टचा गोंगाट नेमका २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात पडतो. मीटरभर लांबीची यूएसबी २ एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब न्या. वायफाय १, ६, ११ या चॅनेलवर असेल तर झिगबीला त्याचं १५, २० किंवा २५ चॅनेल द्या. २६ मोकळं दिसलं तरी टाळा, कारण बरीच उपकरणं तिथे कमी पॉवरने बोलतात.

राउटर म्हणून स्मार्ट बल्ब तर नकोतच. कोणी भिंतीवरचं बटण बंद केलं की त्याच्यामार्फत बोलणारे सेन्सर उघडे पडतात, आणि काही सेन्सर नवा पालक (ज्याच्यामार्फत बोलायचं तो राउटर) शोधायला तासन्‌तास लावतात. कायम वीज असलेले प्लग लावा, प्रत्येक सेन्सरच्या टप्प्यात किमान दोन. शिवाय पातळीचा सेन्सर आणि रिले (आदेशावर चालणारा स्विच) यांचं थेट बाइंडिंग करा, म्हणजे सेन्सर रिलेला स्वतःच आदेश देईल. मग गेटवे (जाळं नियंत्रित करणारा मधला संगणक) बंद असला तरी आदेश पोचतो.

तारजोड:
बाइंडिंगचा मुद्दा मान्य. पण सेन्सरची बॅटरी संपली तर आदेश निघणारच नाही आणि पंप चालूच राहील.

रिले_बोर्ड:
म्हणूनच नुसतं "चालू" पाठवू नये. झिगबीच्या ऑन-ऑफ क्लस्टरमध्ये (चालू-बंद करण्याच्या आदेशांच्या संचात) ठरावीक वेळेपुरतं चालू करण्याचा आदेश आहे. वेळ सेकंदाच्या दहाव्या भागात द्यायची असते, म्हणजे ९०० लिहिलं की ९० सेकंद. दर ३० सेकंदांनी तो पुन्हा पाठवा. निरोप येईनासे झाले की रिले आपोआप सुटतो. रिले हा आदेश पाळतो का, हे मात्र गेटवेची वीज काढून तपासाच.

कमीवीज:
बॅटरीवरच्या व्हॉल्व्हची अडचण वेगळी आहे. तो झोपलेला असताना आदेश पालक राउटरकडे थांबतो, पण झिगबीत साधारण ७.६८ सेकंदच. व्हॉल्व्ह मिनिटाने जागा होऊन आपल्यासाठी आदेश आहे का ते विचारायला आला तर आदेश केव्हाच टाकून दिलेला असतो. लोक बॅटरी वाचवायची म्हणून हे अंतर वाढवत नेतात, आणि तिथेच फसतात. हिशोब करा: एका विचारण्याला १० मिलिअँपिअर, ५ मिलिसेकंद. दर ५ सेकंदांनी विचारलं तर सरासरी १० मायक्रोअँपिअर, वर्षाला सुमारे ८८ मिलिअँपिअर-तास. चांगल्या एए अल्कलाइन सेलची क्षमता दोन हजारांच्या वर असते. तिथे सेल खाते ती मोटर, रेडिओ नाही.

लोरावॅनकडे (लांब पल्ल्याच्या, कमी विजेच्या दुसऱ्या बिनतारी पद्धतीकडे) वळूनही हे सुटत नाही. तिथला क्लास ए प्रकारचा नोड (जाळ्यातलं उपकरण) स्वतः काही पाठवल्यानंतरच थोडा वेळ ऐकतो.

तारजोड:
वेळेच्या मर्यादेचा आदेश आणि ५ सेकंदांचं विचारणं, एवढं असेल तर बागेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह मेशवर द्यायला माझी हरकत नाही. टाकी भरणाऱ्या पंपाला मात्र फ्लोट स्विचची तार हवीच. ९० सेकंद जास्त चाललेला पंपही टाकी ओसंडून टाकतो.