घरून ऑनलाइन विकणाऱ्यांनो, रात्री तुमचं दुकान किती वाजता बंद होतं? (अनुभव लिहा)

खाडीकाठची
कोकणात बसून घरच्या घरी ऑनलाइन विकणारे इथे बरेच जण आहेत, कोणी आंबा, कोणी मसाले, कोणी कुर्त्या, आणि बोलता बोलता लक्षात आलं की जवळजवळ सगळे रात्रीच काम करतात. म्हणून हा धागा. किती वाजेपर्यंत जागता, रात्रीच का, घरातले काय म्हणतात, पावसाळ्यात कसं निभावता, सगळं मोकळेपणाने लिहा. जाहिरात नको, नंबर टाकू नका, आणि ज्यांच्याशी भांडण झालंय त्या कंपन्यांची नावं पण नकोत, उगाच धागा तिकडेच जातो.

सुरुवात मीच करते. मी मालवणजवळची. कुळथाचं पीठ, मालवणी मसाला, सोलं, आगळ, तिरफळं. माझं गिऱ्हाईक म्हणजे नव्वद टक्के चाकरमानी. तो ऑफिसातून सुटणार, विरार नाहीतर बदलापूर लोकलने लटकत घरी पोचणार, जेवणार, आणि मग रात्री साडेदहा अकराला त्याला सोलकढीची आठवण होणार. तेव्हा मेसेज आला आणि आपण उत्तर दिलं नाही तर सकाळी तो विसरलेला असतो. दिवसा येतात ते नुसते "रेट काय" वाले, पैसे पाठवणारा माणूस रात्रीचा.
आणि दुसरं म्हणजे दिवस माझा असतोच कुठे. पाणी, जेवण, मुलांची शाळा, चारला कोणीतरी चहाला टपकणार. मसाला भाजणं कुटणं दिवसा होतं कारण ते घरातलंच काम दिसतं, पण फोन हातात घेतला की ते काम दिसत नाही. सासूबाई म्हणायच्या, "रातभर त्या मोबायलात काय बघतंस गो, झोप मगे आता". मग त्यांच्याच मुंबईच्या बहिणीने मसाला मागवला आणि पैसे आलेले मी त्यांना दाखवले. आता रात्री लेबलं लिहिताना पिनकोड त्याच वाचून दाखवतात, चष्मा लावून, सहाच्या सहा आकडे मोठ्याने.
बंद व्हायची वेळ साधारण साडेबारा. दिवाळीच्या आधी आणि गणपतीच्या आधी विचारू नका.

देवगडचा_बागायतदार
आमचं रात्रीचं दुकान वर्षातून दोन महिनेच, एप्रिल आणि मे, मार्चमध्ये थोडी सुरुवात. पण ते दोन महिने झोप हा विषयच नाही घरात.
ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो की रात्र का लागते. आंबा सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने (जाळी लावलेली लांब काठी) देठासकट उतरवायचा, मग मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपीत, पसरून ठेवायचा, चीक निथळू द्यायचा, दुपारनंतर प्रतवारी, म्हणजे वजनाप्रमाणे वेगळा, डागी वेगळा, कॅनिंगचा वेगळा. हे होईपर्यंत संध्याकाळ. पॅकिंग सुरू होतं आठनंतर आणि गाडी पहाटे येते, त्यामुळे मधले तास आपोआप आपलेच. एकीकडे पेंढा घालून बॉक्स भरायचे आणि दुसरीकडे फोनवर दुसऱ्या दिवशीची यादी घ्यायची.
वडिलांच्या वेळी पेट्या वाशीच्या बाजारात दलालाकडे जायच्या आणि पट्टी, म्हणजे त्याचा हिशोबाचा कागद, आली की कळायचं आपला आंबा काय भावाने गेला. हमाली, भाडं, दलाली कापून जे उरेल ते. आता भाव मी आधी सांगतो आणि पैसे आधी घेतो, फक्त त्या बदल्यात रात्री बारा वाजता "आंबा पिकलाच नाही हो" याला उत्तर द्यावं लागतं. पट्टीपेक्षा हे बरं, असं माझं मत. वडिलांचं मत वेगळं आहे, ते म्हणतात दलाल निदान रात्री झोपू द्यायचा.
तेच तेच प्रश्न येतात म्हणून बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपवर क्विक रिप्लाय करून ठेवलेत, एक तिरकी रेघ आणि "पिक" टाईप केलं की सगळा मजकूर उमटतो: आंबा कच्चाच पाठवतो, पेंढ्यात किंवा कागदात उबदार जागी ठेवा, कच्चा फ्रीजमध्ये घालू नका, वास सुटला आणि देठाकडे दाबल्यावर किंचित नरम लागला की खायला घ्या. दुसरा "कार्बाइड", आम्ही वापरत नाही आणि कायद्यानेही बंदी आहे. तिसरा "जीआय", की २०१८ मध्ये हापूसला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांच्या आंब्याला, बाहेरून आलेला आंबा देवगडच्या बॉक्समध्ये भरला म्हणून तो देवगड होत नाही. साका (आतला गर खराब निघणं) मात्र बाहेरून कळत नाही, त्याला क्विक रिप्लाय नाही. फोटो बघायचा आणि बदली द्यायचा, वाद घालायचा नाही, रात्री एक वाजता तर मुळीच नाही.

रापणकर
माका तर रातीचाच काम बरा वाटता. दिवसा फोन हातात घेतलो की कोण ना कोण हाक मारता. पोरां निजली की मी नि बायल खळ्यात बसान बॉक्स भरतंव. कोण बोलना नाय, कोण इचारना नाय. फक्त फुरशाची, त्या इखारी सापाची भीती, बॅटरी मारल्याशिवाय कागदाच्या गठ्ठ्यात हात घालू नकात.

खाडीकाठची
हो हो, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. रिकामे खोके जमिनीवर रचून ठेवू नका, फळीवर ठेवा.

गुहागरची_सून
मी आंबा काजूवाली नाही, कुर्त्या आणि साड्या, त्या पण मोठ्या ऑनलाइन बाजारावरून. सुरत आणि भिवंडीचा माल. माझी रात्र वेगळ्या कारणाने होते. संध्याकाळी अख्खी वाडी मोबाईलवर असते तेव्हा फोटो चढतच नाहीत, गोल गोल फिरत राहतं. अकरानंतर नेट मोकळं होतं, मग फोटो चढवायचे, लेबलं काढायची, उद्याच्या पिकअपचे गठ्ठे लावायचे.
नवीन मुलींसाठी एक उपयोगाचं. आधी अशा बाजारावर माल विकायचा तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नंबर लागायचा. १ ऑक्टोबर २०२३ पासून आपल्याच राज्यात विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांना ती अट नाही, पोर्टलवर एनरोलमेंट नंबर काढला की झालं. पण राज्याची हद्द ओलांडली की जीएसटी नंबर हवाच. म्हणजे मी गुहागरहून गडचिरोलीला पाठवू शकत होते आणि बेळगावला नाही. शेवटी नंबर काढला, कारण माझ्या साड्या बेळगाव हुबळीलाच जास्त जातात.
वजनाचं पण बघत जा. कुरियरवाले नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत, लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची सेंटीमीटरमध्ये, भागिले ५००० (काही ठिकाणी वेगळा आकडा असतो), आणि जे जास्त येईल त्याचे पैसे. ३० बाय २५ बाय १० चा खोका म्हणजे दीड किलो, आत कुर्ती ३०० ग्रॅमची असली तरी. तेव्हापासून साड्या पिशवीतच, खोका बंद.
आणि सीओडी, म्हणजे माल हातात आल्यावर पैसे. रात्री दोनला मागवलेली साडी सकाळी नकोशी होते हा माझा अनुभव, आरटीओ (न घेतल्याने पाठवणाऱ्याकडे परत) होऊन आठवड्याने परत येते, जायचा यायचा खर्च आपल्या डोक्यावर. परत आलेलं पार्सल मी कॅमेऱ्यासमोर फोडते. एकदा आत माझी कुर्तीच नव्हती, जुनी ओढणी घडी करून घातलेली. व्हिडिओ होता म्हणून पैसे मिळाले, ते पण चार वेळा तोच व्हिडिओ पाठवल्यावर, कारण पलीकडे माणूस नसतोच, ठरलेली उत्तरं येतात. हे सगळं भांडण रात्रीच चालतं, कारण नवऱ्याला वाटतं मी दिवसा भांडले तर शेजारी ऐकतील.

नवरा_मदतनीस
आमच्याकडे बायको मालकीण, मी फक्त टेप मारतो. पगार नाही. वाचतोय सगळं.

श्रीवर्धनहून
आमचं ऑनलाइन निसर्ग वादळानंतर सुरू झालं. ३ जून २०२० ला वादळ इकडेच धडकलं, वाडीत पोफळी आणि माड आडवे. लाईट कित्येक आठवडे नव्हती. श्रीवर्धनची रोठा सुपारी म्हणजे घराचं वर्षाचं उत्पन्न, आणि नवी पोफळ लावली तर धरायला सहा सात वर्षं जातात, मधल्या वर्षांत खायचं काय. मग आईने पोह्याचे पापड, मिरगुंडं, आंबोशी, जे हाताने होतं ते करायला घेतलं आणि मी ते पुण्यामुंबईच्या ग्रुपवर टाकायला लागले.
पहिल्या वर्षी लोकांनी वादळग्रस्त म्हणून घेतलं. खरं सांगते, ते मला आवडलं नव्हतं पण नाही म्हणायची परिस्थिती पण नव्हती. दुसऱ्या वर्षी पापड चांगले म्हणून परत मागवले तेव्हा बरं वाटलं. आई दिवसा वाळवणं करते आणि मी नोकरीवरून आल्यावर रात्री हिशोब, पत्ते, पॅकिंग. आईला झोप लागत नाही मी जागी असले की, मग ती पण बसते आणि पाकिटात पापड मोजून भरते. तिला सांगून थकले की वजनावर भर, मोजू नको. पण ती मोजतेच आणि वर एक जास्त टाकते.
फूड लायसन्स लागतं का, असं बरेच जण विचारतात म्हणून लिहिते. घरगुती छोट्या धंद्याला एफएसएसएआयचं (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) बेसिक रजिस्ट्रेशन, ऑनलाइनच होतं, आम्ही काढलं तेव्हा वर्षाचे १०० रुपये होते. १४ आकडी नंबर येतो, तो पाकिटावर छापायचा.

चितारआळी
सावंतवाडीची लाकडी फळं आणि खेळणी. आमची रात्र घड्याळाच्या फरकामुळे. अमेरिकेतले मराठी लोक भातुकली आणि फळांची परडी मागवतात. न्यूयॉर्ककडे सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसात, ते चालतं. पण कॅलिफोर्नियाचे सकाळचे दहा म्हणजे आपले रात्रीचे साडेदहा, आणि हिवाळ्यात त्यांची घड्याळं मागे सरकली की साडेअकरा. आणि त्यांना व्हिडिओ कॉलवरच बघायचं असतं, लाल जरा जास्त लाल आहे का, केळ्याला हिरवी छटा आहे का. रात्री ट्यूबलाईटखाली कुठला रंग खरा दिसणार, म्हणून दिवसा उजेडात काढलेले व्हिडिओ तयार ठेवतो.
ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने ८०० डॉलरच्या आतल्या पार्सलांची ड्युटीमाफी बंद केली, मध्ये काही आठवडे पोस्टाने पार्सलं जातच नव्हती. तेव्हा एकदम दहाला झोपायला लागलो. घरात सगळे खूश, गल्ला सोडून. आता परत सुरू आहे पण ड्युटी आधी समजावून सांगावी लागते, म्हणजे कॉल अजून लांबतो.

वेंगुर्ल्याचा_काजू
पावसाळ्याचं लिहितो कारण ते कोणी नीट लिहिलं नाही. जून ते सप्टेंबर आमचा सगळ्यात मोठा शत्रू हवा. टेप चिकटत नाही, चिकटली तर सकाळी सुटलेली. पुठ्ठा नरम पडतो. काजूगर उघडा राहिला तर रात्रीत मऊ. आम्ही आता गर व्हॅक्यूम पॅक करूनच ठेवतो, खोके पोटमाळ्यावर जिथे चुलीची ऊब पोचते तिथे, आणि टेपचे रोल झाकणाच्या डब्यात तांदूळ घालून. तांदळाची आयडिया आजीची, मिठाच्या बरणीवरून.
लाईट रात्री गेली की बहुतेक सकाळीच येते, फांदी कुठे पडलीय ते अंधारात कोण शोधणार. इन्व्हर्टरवर प्रिंटर आणि राउटर एवढंच ठेवलंय, पंखा नाही. राउटर पण गेला तर सड्यावर जाऊन रेंज पकडायची, भर पावसात रात्री अकराला स्कूटर काढून. बायको म्हणते एवढ्या काजूला कोण मरतंय का. तरी जातो, कारण ऑर्डर वेळेत "पाठवली" असं दाखवलं नाही की रेटिंग उतरतं आणि तिथे पाऊस हे कारण चालत नाही.

रत्नांग्रीवाली
एकच सांगायचंय. रात्री बारानंतर जो अगदी घाईत असतो ना, त्याच्यापासून सावध. "पैसे पाठवले, हा स्क्रीनशॉट, पहाटे भाऊ गाडीने न्यायला येतोय, माल तयार ठेवा". स्क्रीनशॉट नका बघू, बँकेच्या खात्यात आलेत का ते बघा. माझ्या बहिणीला तर क्यूआर पाठवून सांगितलं स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे येतील. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे जातातच. दिवसा तिला हे पाठ आहे, पण डोळ्यांवर झोप असताना हात आपोआप चालतो आणि त्यांना ते बरोबर माहीत असतं. लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला म्हणून थोडे अडकले खात्यात आणि परत मिळाले.

दापोली_दहाला_बंद
मी उलटं लिहिते, चालेल ना. मी दहाला बंद करते. पाठ आणि डोळे दोन्ही गेले होते, डॉक्टर म्हणाल्या औषध देते पण झोप मी देऊ शकत नाही. मग बिझनेस अकाऊंटवर अवे मेसेज लावला: "दुकान सकाळी साडेसातला उघडेल, ऑर्डर लिहून ठेवा, पहिलं उत्तर तुम्हालाच". आणि कॅटलॉगमध्ये सगळे भाव टाकले. काही गिऱ्हाइकं गेली, खोटं का बोलू. पण जी राहिली ती लिहून ठेवतात आणि सकाळी पैसे पाठवतात. माझा माल कोकम आणि सरबत, नाशवंत नाही, हे पण खरं. देवगडवाल्यांना हे जमणार नाही.

देवगडचा_बागायतदार
नाहीच जमणार. आंबा थांबत नाही. पण जूनपासून लावून बघतो, वडील खूश होतील.

खाडीकाठची
दापोलीताई, मी पण विचार करत होते पण माझा चाकरमानी साडेसातला लोकलमध्ये उभा असतो, त्याला टाईप करायला हात मोकळा नसतो. तुमचं गिऱ्हाईक कुठलं?

दापोली_दहाला_बंद
पुण्याचं. सकाळी चालायला जाताना फोन बघतात.

नवीन_आहे
सगळ्यांचं वाचलं. सुकी मासळी कोण पाठवतं का? सुकट, बोंबील. कुरियरवाला वासाने परत करतोय आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद म्हणजे मागणी तेव्हाच येणार.

रापणकर
आमी पाठवतंव. मे म्हयन्यात कडकडीत सुकव, जराय ओल ऱ्हवता नये. आधी व्हॅक्यूम, त्येच्यावर जाड प्लास्टिक, मगे बरणी, मगे खोको. कुरियराक देव नको, रातच्या मुंबय लक्झरीत ड्रायवराक इचारून घाल नि माणसाक सांग दादर नायतर बोरिवलीक उतरून घेवक. खोक्यावर नाव नि फोन मोठ्या अक्षरात. भाडा आधीच ठरव.