गिला बेंडजवळ आकाशात दिव्यांची रांग दिसली, काय असेल?

चाफेकळी
मंडळी, परवा सॅन डिएगोहून फिनिक्सला (अ‍ॅरिझोना) गाडीने परत येत होतो, नवरा चालवत होता, मागे सासूबाई आणि लेक. गिला बेंड यायच्या जरा आधी उजव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला, केशरी पिवळे पाच सहा दिवे एका ओळीत पेटले. हलत नव्हते, आवाज नाही, तीन चार मिनिटांनी एकेक करून विझले. सासूबाई देवगडच्या, त्या शांतपणे म्हणाल्या वेताळाची पालखी असेल, बघू नका तिकडे. लेकीने तोवर यूएफओ जाहीर करून टाकलं होतं. घरी येऊन शोधलं तर १९९७ चे फिनिक्स लाइट्स, म्हणजे तेव्हा फिनिक्सच्या आकाशात हजारोंनी पाहिलेले गूढ दिवे, निघाले आणि आता मलाच झोप नाही. व्हिडिओ आहे पण त्यात नुसते ठिपके. कुणी बघितलंय का असं?

टेंपेकर
फ्लेअर्स, दुसरं काही नाही. तुम्ही आलात त्या रस्त्याच्या दक्षिणेला बॅरी गोल्डवॉटर रेंज आहे, हवाई दलाचं सरावाचं मैदान. मॅग्नेशियमची फ्लेअर पॅराशूटला टांगून सोडतात, खालची जमीन उजळावी म्हणून, आणि तिच्याच धगीने गरम झालेली हवा पॅराशूटमध्ये भरते त्यामुळे ती इतकी सावकाश उतरते की लांबून एका जागी थांबल्यासारखीच वाटते. १३ मार्च १९९७ ला रात्री दहाच्या सुमाराची ती प्रसिद्ध रांग पण हीच, मेरीलँड एअर नॅशनल गार्डच्या ए-१० विमानांनी सोडलेली. शहरातून बघणाऱ्यांना ती सिएरा एस्ट्रेलाच्या डोंगरामागे एकेक करून गेली, आता रात्री डोंगर दिसतोय कुणाला, लोकांना वाटलं विझली.

संशयात्मा
टेंपेकर, अर्धीच गोष्ट सांगताय. दहाचं मान्य. पण त्याच दिवशी आठ साडेआठला नेवाडाकडून इंग्रजी व्ही आकारात दिवे आले ते फिनिक्सवरून खाली टूसॉनकडे गेले, त्याचं काय? हेल-बॉप धूमकेतू बघायला लोक आधीच अंगणात उभे होते, त्यामुळे साक्षीदार भरपूर. अ‍ॅरिझोनाचे राज्यपाल फाइफ सिमिंग्टन यांनी तेव्हा पत्रकार परिषदेत आपल्याच माणसाला एलियनचा ड्रेस घालून आणून सगळ्यांची टर उडवली, आणि २००७ मध्ये म्हणाले मी पण पाहिलं होतं! माणूस स्वतः हवाई दलात होता.

टेंपेकर
हवाई दलातला माणूस पण डोळ्यांनीच बघतो हो. त्याच संध्याकाळी एका हौशी पोराने दहा इंची दुर्बीण लावली तर त्याला सुटी सुटी विमानं दिसली. दिव्यांमधला काळोख म्हणजे एकच अगडबंब यान, हे आपण भरतो मनाने. सात तारे दिसले की आपल्या आज्यांनी त्यांचं बाजलं केलं आणि वर तीन चोर पण बसवले, तसंच.

संशयात्मा
दुर्बिणीवाला एक, आणि बाकीचे सगळे आंधळे. बरं.

जुना_भिडू
वाळवंटी हवेत अंतराचा अंदाजच येत नाही. आपलं लडाख घ्या, तेही वाळवंटच की, थंड. २०१२ मध्ये पँगाँगकडे जवानांना रोज चमकणारं काहीतरी दिसायचं, चीनचे ड्रोन समजून नोंदी ठेवल्या गेल्या, शेवटी बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या लोकांनी सांगितलं की एक शुक्र आहे आणि एक गुरू. ज्यांचं कामच टेहळणीचं त्यांची ही गत.
अवांतर: संध्याकाळी पश्चिमेला जेलीफिशसारखं काही पसरलेलं दिसलं तर घाबरू नका, कॅलिफोर्नियातून सुटलेलं रॉकेट असतं, फिनिक्सहून मस्त दिसतं.

चाफेकळी
धन्यवाद सगळ्यांना. व्हिडिओ झूम करून परत बघितला, दोन दिव्यांच्या वर धुराची रेघ आहे, टेंपेकर म्हणतायत तेच असणार. लेक नाराज. सासूबाईंना सगळं समजावून सांगितलं, की रात्री सैन्य सराव करतं आणि त्यांचे ते दिवे. त्या म्हणाल्या मग मी वेगळं काय सांगितलं, वेताळ पण फौज घेऊनच निघतो.