पोरांनी ४.३ दिलेत. या ४.३ चं आता करू काय?

म्हादयकाठचा:
नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोली तालुक्यातला, एका कॉलेजात कॉमर्स शिकवतो. 'लेक्चर बेसिस'वर, म्हणजे सत्र चालू असेपर्यंत 'सर' आणि सुट्टी पडली की कोणीच नाही. यंदा विद्यार्थी फीडबॅकचं काम माझ्या गळ्यात आलं, कारण मला एक्सेल येतं अशी कोणीतरी अफवा उठवली.

सत्र संपता संपता गूगल फॉर्म पाठवला. पंचवीस विधानं, सगळी इंग्रजीत, प्रत्येकापुढे १ ते ५. आठवडाभरात १९ जणांनी भरला. मग वरून हुकूम आला, फॉर्म भरल्याचा स्क्रीनशॉट दाखवल्याशिवाय हॉल तिकीट नाही. दोन दिवसांत १४८! सरासरी ४.३. वरची मंडळी खूष, 'एकूण समाधान उत्तम' अशी ओळ रिपोर्टात घाल म्हणाली.

रात्री जेवून शीट उघडली तर १४८ पैकी ६३ जणांनी पंचवीसच्या पंचवीस ठिकाणी एकच आकडा टिचकवलेला. एकाने लायब्ररीच्या वेळांनाही ५ दिलेत आणि शेवटच्या मोकळ्या चौकटीत लिहिलंय, 'लायब्ररी फक्त आमचं लेक्चर चालू असताना उघडी असते.' दुसऱ्याने नुसतंच, 'कॅन्टीनची पातळभाजी फारच पातळ.' (हे खरं आहे.)

पण मला खटकली ती वेगळीच गोष्ट. वर्गात सत्तरी तालुक्यातून येणारी एक मुलगी आहे. माझं लेक्चर साडेआठला, तिची बस पोचते आठ-पन्नासला. फॉर्मवर नाव नाही, पण शीटमध्ये ईमेल उमटतो, म्हणून कळलं. 'शिक्षक वेळेवर येतात आणि तयारी करून येतात' या विधानाला तिने मला ५ दिलेत. मी वेळेवर येतो की नाही हे तिला कळणार कसं? ती आलेली असते कुठे?

रिपोर्ट तर द्यायचाच आहे. खोटं न लिहिता तो कसा लिहू? आणि पुढच्या खेपेला विचारू काय?

सांख्यिकी_मास्तर:
अरे बाबा, पहिली चूक विधानातच आहे. 'वेळेवर येतात आणि तयारी करून येतात' हे दोन प्रश्न झाले. वेळेवर येऊन फळ्याकडे तोंड करून जुन्या वहीतलं उतरवणाऱ्या मास्तराला पोराने किती द्यावेत? असली जोडविधानं फोड, पंचवीसची निम्मी उरली तरी चालतील.

दुसरं, सरासरी. लायकर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये ही १ ते ५ ची पद्धत मांडली तेव्हा एकाच वृत्तीबद्दलची अनेक विधानं घेऊन त्यांची बेरीज करायची, असा हिशेब होता. तुम्ही मास्तर, लायब्ररी, संडास आणि पातळभाजी एकाच टोपात ढवळलीत. त्या ४.३ ला चव कसली असणार? शिवाय निम्म्यांनी ५ आणि निम्म्यांनी १ दिला तरी सरासरी ३, सगळ्यांनी ३ दिला तरी ३. पहिल्या वर्गात भांडण पेटलंय, दुसरा झोपलाय. म्हणून प्रत्येक विधानापुढे १ किती, २ किती, ५ किती, असा साधा तक्ता दे.

ते ६३ काढून टाकू नकोस. त्यात चार-पाच खरोखर खूष असतील, कोणाला ठाऊक. तक्ते दोन कर, एक सगळ्यांचा, एक त्यांना वगळून, आणि का वगळले ते लिही. शीटच्या पहिल्या रकान्यात फॉर्म पाठवल्याची वेळ असते, तीही बघ. हॉल तिकिटाची रांग लागली होती त्याच तासाभरात किती आले? ते १९ आधीचे आणि नंतरचे १२९ वेगवेगळे मांड. मला त्या १९ मध्ये जास्त रस आहे, पण तेही सगळ्या वर्गाच्या वतीने बोलत नाहीत. आपणहून भरणारा एक तर फार खूष असतो, नाही तर फार चिडलेला.

आता काय विचारायचं. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या २०१७ च्या आराखड्यातलं विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आठवतं? वीस प्रश्न पर्यायांचे, एकविसावा मोकळा. त्यातला पहिला मला आवडतो. वर्गात अभ्यासक्रम किती पूर्ण झाला? ८५ ते १०० टक्के, ७० ते ८४, असं उतरत ३० च्या खाली. पोराला 'कसं वाटलं' विचारत नाही, 'काय झालं' विचारतो. उलट त्यातच पुढे 'अध्यापन-अध्ययनाच्या देखरेखीत, आढाव्यात आणि सततच्या गुणवत्तावाढीत संस्था विद्यार्थ्यांना सामील करून घेते का' असाही आहे. चौथीपर्यंत मराठीतून शिकलेलं पोर जाऊ दे, मलाच दोनदा वाचावा लागला.

विलायतेत २००५ पासून शेवटच्या वर्षाच्या पोरांचं राष्ट्रीय सर्वेक्षण होतं. तिथे २०२३ पासून इंग्लंडपुरता 'एकूण समाधानी आहात का' हा प्रश्नच काढून टाकला, आणि 'सहमत-असहमत'ऐवजी थेट प्रश्न आणले. तुझ्या वरच्या मंडळींना हवी असलेली ओळ तिथे आता त्या प्रश्नावरून लिहिताच येत नाही.

फोंड्याची_बाय:
मीही लेक्चर बेसिसवालीच. मास्तर, तुमचं सगळं पटलं, पण आमच्याकडे हाच आकडा पुढच्या जूनला आम्हाला बोलवायचं की नाही यासाठी बघतात. मग काय होतं सांगू? इंटर्नलचे मार्क देताना हात सैल सुटतो. मी स्वतः केलंय, लपवत नाही.

१९७३ मध्ये अमेरिकेत एक शोधनिबंध छापून आला होता. एका नटाला 'डॉ. फॉक्स' म्हणून तज्ज्ञांपुढे उभं केलं. व्याख्यानात अर्थ असा काही नव्हता, पण बोलणं फर्डं आणि विनोद भरपूर. श्रोत्यांनी छान शेरे दिले. आणि २०१७ मध्ये जुन्या अभ्यासांची पुन्हा एकत्र छाननी झाली, त्यात जास्त गुण मिळवणाऱ्या शिक्षकांची मुलं जास्त शिकतात असं दिसलं नाही. पोरं खोटारडी नाहीत हो. पण आवडणं आणि शिकणं या दोन वेगळ्या बाबी.

मी एक करते. चतुर्थीच्या सुट्टीआधी, म्हणजे सत्राच्या मध्यावर, कागदाचे चिटोरे वाटते. नाव नाही, भाषा कुठलीही. दोनच प्रश्न: कुठला भाग डोक्यावरून गेला, आणि मी काय बदलू? गेल्या वर्षी सात जणांनी लिहिलं की खिडकीच्या उजेडाने फळ्याचा डावा भाग चकाकतो, काही दिसत नाही. मी दोन महिने ताळेबंदाची एक अख्खी बाजू तिथेच लिहीत होते! सुट्टीनंतर उजवीकडे सरकले आणि वर्गात सांगितलंही, तुमच्यामुळे सरकले. त्यानंतरचे चिटोरे लांब यायला लागले.

वेर्णा_शिफ्टवाला:
दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीच ते पाच टिचकवणारा होतो. सर, राग मानू नका. फॉर्म ईमेल मागतो, मेंटर मॅडम मागे उभ्या, इंटर्नलचे मार्क अजून लागायचे. कोण वेडा २ देणार? आणि पहिल्या वर्षी मी खरोखर मन लावून भरला होता. पुढे काय झालं ते कोणी सांगितलंच नाही. दुसऱ्या वर्षापासून सरळ रेघ.

म्हादयकाठचा:
देव बरें करूं, सगळ्यांना. मास्तर, वेळेचा रकाना बघितला. ६३ पैकी ४९ हॉल तिकिटाच्या त्याच दोन सकाळींत आलेले. तक्ते दोन्ही केले. 'समाधान उत्तम' ही ओळ काही मी लिहिली नाही, 'उत्तरे हॉल तिकिटाशी जोडलेली होती' असं लिहिलं. त्यावर खूण करून कागद परत आलाय, बघू. ईमेल घेणं मात्र बंद करून घेतलं, आणि जुन्या शीटमधला तो रकाना पुसून टाकला. मी तो बघायलाच नको होता.

बाय, चिटोरे पुढच्या चतुर्थीआधी नक्की. दोन्ही प्रश्न मराठी-कोंकणीत.

त्या मुलीला फॉर्मबद्दल काही बोललो नाही. सगळ्या वर्गालाच विचारलं, पहिल्या लेक्चरला पोचायला कोणाकोणाला उशीर होतो? अकरा हात वर आले. त्यातले आठ एकाच बसचे. पुढच्या सत्राचं टाइमटेबल सोमवारी बसतंय, माझा विषय साडेनऊला मागितलाय.

सांख्यिकी_मास्तर:
बरं केलंस. तक्ते मला पाठव. पण पाय चार्ट काढू नकोस.