सिनेमा यायच्या आधीचा सिनेमा : वाट पाहण्याचे तुमचे अनुभव

'ड्यून'चा तिसरा भाग १८ डिसेंबर २०२६ ला येणार असं जाहीर झालं, तेव्हा मी ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायला गेलो, तर घरात त्या वर्षाचं कॅलेंडरच नव्हतं. मग दुधाच्या हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून ठेवली. पुढे त्याच तारखेवर 'अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे' येऊन बसला आणि चाहत्यांनी दोन्ही नावं एकत्र मळून त्या दिवसाचं 'ड्यून्सडे' करून टाकलं. आमच्या मित्रमंडळींत आत्तापासून सकाळी कुठला आणि रात्री कुठला यावर भांडणं चालू आहेत. बायको म्हणते, लग्नाच्या मुहूर्ताला एवढी चर्चा केली नव्हतीत.

तर हा धागा त्यासाठी. सिनेमा चांगला होता की वाईट, हे इथे नको. तो लागायच्या आधी तुम्ही काय काय केलंत ते सांगा. अट एकच, सिनेमा विज्ञानपट हवा.

सुरुवात मीच करतो. मार्च १९९९, पुणे. 'स्टार वॉर्स'च्या नव्या भागाचा दुसरा ट्रेलर ॲपलने इंटरनेटवर टाकला होता. मी टिळक रस्त्यावरच्या एका सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून तो उतरवायला बसलो. रेघ मुंगीच्या पावलांनी पुढे सरकत होती आणि मालक दर दहा मिनिटांनी माझ्याकडे संशयाने बघून जात होता. तसले काही उद्योग करणारी मुलं त्याच्याकडे बरीच येत असावीत. शेवटचा थोडासा भाग उरला असताना वीज गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. या खेपेला पूर्ण झालं, तर त्या संगणकावर तो चालवायचं सॉफ्टवेअरच नव्हतं. मालकाला दया आली, त्याने ते स्वतः उतरवून दिलं आणि माझ्यामागे उभं राहून पूर्ण ट्रेलर पाहिला. मग म्हणाला, "एवढंच?"

ह्यूस्टन

मग माझं ऐका, मी याच सिनेमाच्या पहिल्या ट्रेलरसाठी अख्ख्या सिनेमाचं तिकीट काढलं होतं. नोव्हेंबर १९९८, शिकायला येऊन जेमतेम तीन महिने झाले होते. तो ट्रेलर तेव्हा मोजक्याच थिएटरांत, चालू असलेल्या सिनेमांच्या आधी दाखवत होते. आमच्या वाट्याला 'मीट जो ब्लॅक' आला. दिवे गेले, ट्रेलर झाला, लोकांनी आरडाओरडा केला आणि माझ्या पुढच्या दोन रांगा उठून सरळ बाहेर गेल्या! मी आणि माझा नागपूरचा रूममेट एकमेकांकडे बघत राहिलो. आपण डॉलरला रुपयांनी गुणणारे लोक, तिकिटाचे पैसे दिलेत म्हणून बसलो. तीन तासांचा सिनेमा. रूममेट पहिल्या पाऊण तासात घोरायला लागला. परतीच्या बसमध्ये मी त्याला ट्रेलर हातवारे करून पुन्हा सांगितला, तर तो म्हणाला, "भाऊ, मी होतो ना तिथं."

कोल्हापूर

माझा अनुभव थोडा उलट्या बाजूचा आहे. तुम्ही जाहिरात बघत होतात, आमच्या घरात ती तयार व्हायची. बाबा सिनेमाचे बॅनर रंगवायचे. वितरकाकडून हातभर फोटो यायचे, त्यावर चौकटी आखायच्या, कापडावर तशाच मोठ्या चौकटी आखायच्या आणि एकेक चौकट भरत जायची. नायकाचे चेहरे बाबा झोपेतही काढतील, इतके हातात बसलेले.

१९९४ मध्ये 'जुरासिक पार्क' हिंदीत डब होऊन आला. थेटरवाल्यांनी बॅनर सांगितला आणि हातात दिला एक फोटो, तोही अंधारातला. दात दिसत होते, डोळा दिसत होता, बाकी सगळं काळं. बाबांनी आयुष्यात डायनासोर काढला नव्हता. मी सातवीत होते, मला विचारलं, "ह्येचं कातडं कसलं असंल गं?" मी शाळेच्या वाचनालयातून एक पुस्तक आणलं. त्यातला डायनासोर कच्च्या कैरीच्या रंगाचा आणि अगदी गुळगुळीत. बाबांनी मान हलवली. "ह्यो न्हाई. ह्यो साबणाचा वाटतोय."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मला सायकलवर पुढे बसवून गंगावेशीत दूधकट्ट्यावर घेऊन गेले. लोक धारोष्ण दूध प्यायला उभे आणि आम्ही दोघं म्हशींच्या माना निरखतोय. म्हैस मान वळवते तेव्हा कातड्याला कशा घड्या पडतात, उजेड कुठल्या घडीवर थांबतो, ते बाबा बघत होते. एका गवळ्याने विचारलं, घ्यायची हाय का? बाबा म्हणाले, रंगवायची हाय.

बॅनर लागला त्या दिवशी चौकात गर्दी. कुणीतरी ओरडलं, "आरं, ह्यो तर दात काढल्याला रेडा!" बाबा चिडले नाहीत, उलट खूश झाले. सिनेमा लागेपर्यंत मी रोज शाळेतून येताना त्या बॅनरखाली थांबायचे. वर्गातल्या मुली घाबरायच्या आणि मला मात्र त्यातली कुठली घडी कुठल्या म्हशीची ते ठाऊक होतं. प्रत्यक्ष सिनेमातला बघितला तेव्हा छान होता, पण आमचा जास्त वजनदार होता, असं माझं आजही मत आहे. बॅनरचं कापड नंतर धुऊन दुसऱ्या सिनेमाला वापरलं. फोटो एकही नाही.

डोंबिवली

मी ट्रेलर बघतच नाही. थिएटरात लागला तर डोळे मिटून कानात बोटं घालतो. बाजूचे लोक आजारी समजतात. एकदा एका काकूंनी पर्समधून लिमलेटची गोळी काढून दिली.

बेंगळुरू

कोल्हापूरच्या ताईंच्या पोस्टनंतर लिहायला संकोच वाटतोय, पण माझीही जाहिरातच, फक्त न दिसणारी.

२००१ साली स्पीलबर्गचा 'ए.आय.' येणार होता. ट्रेलरच्या शेवटी श्रेयनामावलीत जनीन साला नावाच्या बाईंचं नाव होतं, आणि हुद्दा काय, तर जाणीव असलेल्या यंत्रांची थेरपिस्ट. ज्यांनी ते नाव सर्च इंजिनात टाकलं त्यांना एकामागून एक वेबसाइट सापडत गेल्या. सगळ्या २१४२ सालातल्या. त्यात एक संशयास्पद मृत्यू होता, यंत्रमानवांच्या हक्कांची आंदोलनं होती, खोट्या कंपन्या, खोटे ईमेल होते. ट्रेलरमधल्या अक्षरांना बारीक खाचा होत्या, त्या मोजल्या की फोन नंबर निघायचा. हे सगळं सिनेमाच्या प्रसिद्धीसाठी चाललंय हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. खेळ आहे हेसुद्धा खेळ कबूल करत नव्हता. जगभरातले हजारो लोक एका याहू ग्रुपवर जमून कोडी सोडवत होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो आणि ऑफिसातल्या इंटरनेटचा पुरेपूर गैरवापर करत होतो.

अडचण एवढीच की नंबर अमेरिकेतला. आयएसडीचे दर आठवतात का? एका रात्री धीर करून पीसीओत गेलो. मीटरकडे एक डोळा ठेवून नंबर फिरवला, रेकॉर्ड केलेला आवाज सुरू झाला आणि माझे पैसे संपले. बूथवाल्याने विचारलं, "परदेशात कोण असतं?" मी म्हटलं, एक डॉक्टरीणबाई. फार खोटं नव्हतं ते.

सिनेमा पाहायला गेलो तेव्हा त्या बाई कधी येतात याची वाट बघत बसलो. त्या आल्याच नाहीत. मला अजून वाटतं की खरी गोष्ट त्या वेबसाइटींवरच होऊन गेली होती आणि तिकीट आम्ही उरलेल्या भागाचं काढलं.

शिकागो

'ड्यून'चा दुसरा भाग ३ नोव्हेंबर २०२३ ला येणार होता. नवऱ्याला कितीतरी आधी बजावून ठेवलं होतं की त्या शुक्रवारी पोरं तुझी. मग हॉलिवूडमधल्या कलाकारांचा संप लांबला. कलाकारांना प्रसिद्धीला उभं राहता येईना, म्हणून सिनेमाच पुढे ढकलला, थेट मार्च २०२४. त्या मोकळ्या शुक्रवारी मी फराळाची भाजणी दळून आणली.

फेब्रुवारीत ती पॉपकॉर्नची बादली निघाली. वाळूतल्या महाकाय अळीच्या तोंडासारखं झाकण, आत हात घालायचा आणि चहूबाजूंनी रबरी दात. त्यावर इतके विनोद झाले की सिनेमाचं नाव माहीत नसलेल्यांनाही बादली माहीत झाली. यापेक्षा स्वस्त जाहिरात कोणाला जमली नसेल. मी अर्थातच घेतली. त्या वेळी आई भारतातून आली होती. तिने बादली उलटसुलट बघितली आणि म्हणाली, "हे बाटल्या धुवायचं आहे ना?" आता तिच्यात लसूण असतो. पोरं हात घालत नाहीत, त्यामुळे टिकतो.

पुणे, चिंचवड

मी बाप आहे, चाहता मुलगा. 'इंटरस्टेलर' दहा वर्षांनी पुन्हा मोठ्या पडद्यावर येणार म्हणून तो डिसेंबर २०२४ मध्ये नाचत होता. अमेरिकेत लागला. आपल्याकडे आयमॅक्सचे पडदे तेव्हा 'पुष्पा २'ने धरलेले, त्यामुळे आपला नंबर लागला ७ फेब्रुवारी २०२५ ला. आणि पुढच्याच शुक्रवारी, १४ तारखेला, 'छावा'. मला 'छावा' बघायचा होता. मग घरात तह झाला. मी त्याच्याबरोबर येणार, तो माझ्याबरोबर येणार, आणि दोघांनीही वाटेत कुरकुर करायची नाही.

तहातलं एक कलम मला आधी कळलं नव्हतं, ते म्हणजे तयारी. सिनेमाच्या आधी तीन रात्री जेवताना शिकवणी. आमच्या हिच्या घडीच्या पोळीला त्याने काट्याने आरपार भोक पाडलं आणि सांगितलं, हे वर्महोल, पोळीच्या या टोकाहून त्या टोकाला जायला आता वेळ लागणार नाही. सिनेमाचे सल्लागार किप थॉर्न यांना पुढे २०१७ साली नोबेल मिळालं, हेही त्याने भाजी वाढता वाढता ऐकवलं. ही म्हणाली, नोबेलवाल्यांना सांग, पोळी गार होतेय.

ठाणे

'प्रोजेक्ट हेल मेरी' ज्यांनी वाचलेलं किंवा पाहिलेलं नाही त्यांनी माझं पोस्ट सोडून पुढच्या पोस्टकडे जावं.

मी ही कादंबरी भाच्याला त्याच्या दहावीनंतर भेट दिली होती. त्याला फक्त एवढंच सांगितलं होतं, "मागचं कव्हरसुद्धा वाचू नकोस." कारण त्यात नायक एकटा नाही हे बरीच पानं उलटल्यावर कळतं, आणि कळतं त्या क्षणी मी रात्री दीड वाजता पलंगावर उठून बसले होते. त्यालाही ते मिळावं एवढीच इच्छा. ३० जून २०२५ ला ट्रेलर आला आणि त्यात ते सगळं उघडं! भाचा तेव्हा पान चाळीसवर होता. त्याच्या मित्राने पाठवला. मी रागाने घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज लिहिला, त्यावर माझ्या भावाने अंगठा दाखवला आणि वहिनीने सुप्रभातचं फूल.

पण खरं सांगू का, भाच्याचं म्हणणं वेगळं निघालं. तो म्हणाला, "मावशी, ते दिसलं नसतं तर मी चाळीसच्या पुढे गेलोच नसतो. मला वाटलं होतं एक माणूस खोलीत बसून गणितं करतो एवढंच आहे." पुढची साडेतीनशे-चारशे पानं त्याने चार दिवसांत संपवली. मला अजूनही राग आहे, फक्त कोणावर ते आता नक्की सांगता येत नाही.

तळोदा, जि. नंदुरबार

'कल्की २८९८ एडी'चा. २१ एप्रिल २०२४, रविवार संध्याकाळ. आयपीएलच्या प्रक्षेपणात अचानक अमिताभ बच्चन. अंगभर चिंध्या गुंडाळलेला, कपाळावर जखमेच्या जागी उजेड, एक लहान मुलगा विचारतोय तू कोण, आणि तो सांगतो, द्रोणाचार्यांचा मुलगा अश्वत्थामा. मी ताडकन उठलो. कारण हा सिनेमा मी 'प्रोजेक्ट के' नाव होतं तेव्हापासून पाळत होतो. महाभारतापासून २८९८ सालापर्यंत सहा हजार वर्षं होतात, हा दिग्दर्शक नाग अश्विन यांनी सांगितलेला हिशोब मी वहीवर मांडून पडताळला होता, इसवी सनापूर्वीची ३१०२ अधिक नंतरची २८९८.

आजी मागे बाजेवर बसून शेंगा सोलत होती. तिने विचारलं कोण आहे तो. मी सांगितलं. ती अजिबात चकित झाली नाही. म्हणाली, "तो ते आपला अस्तंबाना डोंगरवर शे ना रे."

बाहेरच्या लोकांसाठी सांगतो. आमच्याकडे सातपुड्यात अस्तंबा ऋषींचा डोंगर आहे. दिवाळीत धनत्रयोदशीच्या सुमाराला यात्रा असते, खानदेशातून, गुजरातेतून लोक येतात, तळोद्यावरून पायी निघतात आणि रात्रीची चढण चढतात. हा अश्वत्थामा आमच्यासाठी पुस्तकातला नाही. तो कपाळाच्या जखमेसाठी तेल मागत फिरतो, वाट चुकलेल्याला वाटेवर आणून सोडतो, असं सांगतात. मी स्वतः दोनदा गेलोय. दुसऱ्या वेळी आजीने बाटलीत तेल दिलं होतं, "भेटना ते देजो" म्हणून.

सिनेमावाल्यांनी ती झलक मध्य प्रदेशात नेमावरला, नर्मदेच्या काठी, प्रचंड आकारात दाखवली होती, कारण नर्मदेकाठी तो भटकतो अशी श्रद्धा. मला ते फार आवडलं, आणि थोडं लागलंही. नर्मदा आमच्या जिल्ह्यालाही लागून वाहते. डोंगर तर आमचाच. दोन महिने मी मित्रांना हेच सांगत होतो, की त्यांनी पत्ता चुकवला. हैदराबादमध्ये दाखवलेली, सिनेमातली ती सहा टनांची बुज्जी गाडी, मागे चेंडूसारखं एकच चाक, तिचे व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी शंभर वेळा पाहिले असतील. पण आमच्या गप्पा फिरून अस्तंब्यावरच यायच्या. ती गाडी चांदसैली घाटात चढेल का, यावर एकाने पैजसुद्धा लावली होती.

कोल्हापूर

तळोदेकर, आजींना सिनेमा दाखवलात की नाही?

तळोदा, जि. नंदुरबार

दाखवला ताई, नंदुरबारला नेऊन. तीन तास एका जागी बसली, मारामारीत मधूनमधून डुलकी काढली, अमिताभ आला की जागी. बाहेर आल्यावर विचारलं, कसा वाटला? तर म्हणाली, "इतला मोठा सिनेमा काढा, पन तेल कोनी दिधं नही त्याले."