मदत हवी आहे: तेल १०० अंशांना तयार होतं, मग कोट्यवधी वर्षं कशाला लागतात?

नमस्कार. मी आठवीला विज्ञान शिकवते. परवा कच्चं तेल कसं तयार होतं हा भाग घेतला. समुद्रातलं सूक्ष्म शेवाळ आणि प्लवक मरून तळाशी साचतात, तिथे ऑक्सिजन नसेल तर ते पूर्ण कुजत नाहीत, चिखलात गाडले जातात. थरांवर थर चढत गेले की चिखलाचा शेल खडक होतो आणि त्यात अडकलेल्या सेंद्रिय पदार्थाचं केरोजेन. खडक आणखी खोल गेला की तापतो, केरोजेन फुटतं आणि तेल सुटतं. डायनासोरचा यात संबंध नाही हे मुद्दाम सांगितलं, कारण बऱ्याच मुलांना तसंच वाटत होतं.

फळ्यावर जमिनीचा उभा छेद काढला होता. दोन किलोमीटरच्या आसपास ६० अंश सेल्सिअस, चारच्या आसपास १२०, आणि मधला पट्टा पिवळ्या खडूने भरलेला, तेल तयार होण्याचा. एका मुलीने हात वर केला. "बाई, १०० अंशांना तर पाणी उकळतं. मग शेवाळ उकळत ठेवलं तर तेल का होत नाही? आणि होत असेल तर एवढी वर्षं का लागतात?"

मी म्हटलं, खाली दाबही प्रचंड असतो. ती बसली, पण तिला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं. मलाही पटलं नव्हतं. घरी येऊन वाचायला घेतलं तर गुंता वाढलाच. १९७९ मध्ये मायकेल ल्यूवन आणि सहकाऱ्यांनी शेलचे तुकडे पाण्याबरोबर बंद पोलादी भांड्यात तापवून तेलासारखा द्रव मिळवला. आता अशा प्रयोगांत साधारण ३०० ते ३६० अंश तापमान आणि ७२ तास ठेवतात. म्हणजे तीन दिवस खरे की कोट्यवधी वर्षं खरी?

सोमवारी त्याच वर्गावर तास आहे. खरं उत्तर हवं आहे, पण तेरा वर्षांच्या मुलीला समजेल असं. भूविज्ञान किंवा रसायनशास्त्रातल्या मंडळींनी कृपया मदत करावी.

प्रतिसाद १

दोन्ही खरं आहे. मी बरीच वर्षं तेलविहिरींतून निघालेल्या खडकांचे नमुने तपासायचं काम केलं आहे, त्यामुळे हा प्रश्न वाचून फार आनंद झाला. त्या मुलीला शाबासकी द्या.

आधी दाबाचं. तो उत्तरातून काढून टाका. केरोजेनचं तेल होण्यात मुख्य काम तापमानाचं आणि वेळेचं असतं, दाबाचा वाटा त्यामानाने फार थोडा. तेल खडकातून बाहेर ढकलायला दाब लागतो, पण ती पुढची गोष्ट.

केरोजेन म्हणजे कार्बनच्या साखळ्यांचं अवाढव्य जाळं. तेल हवं तर त्यातले बंध तुटायला हवेत. १०० अंशांना एखादा बंध तोडण्याइतकी ऊर्जा एका जागी गोळा होणं अतिशय दुर्मीळ असतं. दुर्मीळ, पण अशक्य नाही. म्हणून काम चालू राहतं, फक्त कमालीचं हळू.

मुलांना हिशेब करायला लावा. १९७१ मध्ये लोपातिन या सोव्हिएत भूवैज्ञानिकाने एक सोपा नियम वापरला होता: तापमान दर १० अंशांनी वाढलं की वेग दुप्पट. प्रयोगशाळेतले ३५० अंश आणि खडकातले १०० यांत फरक २५० अंशांचा, म्हणजे २५ वेळा दुप्पट. दोनाला दोनाने गुणत गेलात की येतात ३,३५,५४,४३२. याला तीन दिवसांनी गुणा आणि ३६५ ने भागा. उत्तर पावणेतीन लाख वर्षं! आणि हा नियम ढोबळ आहे. अशा अभिक्रियांचा वेग कमी तापमानाला याहूनही झपाट्याने घसरतो, त्यामुळे लाखांचे कोटी होतात.

दुसरं असं की खडक १०० अंशांवर आयता जाऊन बसत नाही. खोली एक किलोमीटरने वाढली की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं, आणि खडक बुडतो फारच संथ. दहा लाख वर्षांत शंभर मीटर धरा, म्हणजे तेवढ्या काळात जेमतेम तीन अंशांची वाढ. ६० वरून १२० वर जायलाच दोन कोटी वर्षं गेली.

उकळत्या पाण्यातल्या शेवाळाबद्दल: ते आधी केरोजेन व्हायला हवं, तोही लांबचा पल्ला आहे.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. वर्गात जुना वर्तमानपत्राचा कागद न्या. कपाटात पडून तो पिवळा पडायला वर्षं लागतात, गरम इस्त्रीखाली काही मिनिटांत तपकिरी होतो. रसायन वेगळं आहे (तिथे हवेचाही हात असतो), पण उष्णता वेळेची जागा कशी घेते ते डोळ्यांना दिसतं.

आणि निसर्गानेही हा घाईचा प्रयोग करून ठेवला आहे. कॅलिफोर्नियाच्या आखातात ग्वायमास खोरं आहे. तिथे सुमारे दोन हजार मीटर पाण्याखाली, समुद्रतळाच्या कोवळ्या गाळातून अतिशय गरम पाणी वर येतं. त्या गाळात खरंखुरं तेल सापडतं, आणि कार्बन-१४ पद्धतीने त्याचं वय निघतं काही हजार वर्षं!

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. पावणेतीन लाखांचा हिशेब वहीत स्वतः करून पाहिला, बरोबर आला. वर्गातही तसाच करून घेणार आहे, आणि दाबाबद्दल मी चुकीचं सांगितलं होतं हे आधी सांगणार आहे.

एक उपप्रश्न. खडक खाली फक्त शंभर-सव्वाशे अंशच तापला होता, तीनशे नाही, हे कळतं कसं?

प्रतिसाद १

खडकात परागकण आणि बीजाणू अडकलेले असतात. सूक्ष्मदर्शकाखाली कमी तापलेल्या खडकातले फिकट पिवळे दिसतात, मग नारिंगी, मग तपकिरी, आणि फार तापले तर काळे. तपकिरी छटा दिसायला लागल्या की आम्ही म्हणायचो, हा खडक पिकलाय. काळे दिसले तर तेलाची आशा सोडायची. साधारण १५० अंशांच्या पुढे तेलही तुटून वायू होत जातो.

तेलातही खूण असते. आल्फ्रेड ट्राइब्स या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १९३४ च्या सुमारास कच्च्या तेलात पॉर्फिरिन नावाचे रेणू सापडले, हरितद्रव्याचे वंशज. तेल फार तापलं असतं तर ते टिकलेच नसते. तेल वनस्पतींसारख्या जिवांपासून आलं याचा तो पुरावाही झाला.

धागाकर्ती

पिवळ्यापासून काळ्यापर्यंतची ती रंगपट्टी दाखवता आली तर फार बरं होईल. बीजाणूंचे फोटो आहेत का तुमच्याकडे?

प्रतिसाद १

आहेत. पाच निवडून तुम्हाला व्यक्तिगत निरोपातून पाठवले आहेत. डावीकडून तिसरा नीट बघा, त्याची कड अजून नारिंगी आहे आणि मध्य तपकिरी झालाय.