मदत हवी आहे: फोटोंच्या दुबार प्रती काढून टाकताना नेमकी हवी ती प्रत कशी राखावी?

नमस्कार मंडळी,

घरातल्या सर्वांचे फोटो आणि व्हिडिओ १ टीबीच्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर ठेवलेले असून ती आता जवळजवळ भरली आहे. तिच्यावर दोन मोठे फोल्डर आहेत. ‘वर्षवार’ या फोल्डरमध्ये निवडून, नावे देऊन लावलेले फोटो आहेत, तर ‘जुने बॅकअप’मध्ये निरनिराळ्या फोनमधून वेळोवेळी सरसकट उतरवून घेतलेला सगळा माल आहे.

उबुंटू या लिनक्स प्रणालीवर एफडुप्स हा दुबार फायली शोधणारा प्रोग्रॅम चालवून पाहिला. तो आधी फायलींचा आकार, मग एमडी५ (फाइलच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) आणि शेवटी एकेक बाइट ताडून पाहत असल्याने नावे वेगळी असली तरी दुबार फायली बिनचूक सापडतात. त्याबद्दल तक्रार नाही. अडचण पुसण्याची आहे. आपोआप पुसायला सांगितले तर प्रत्येक गटातली पहिली प्रत तेवढी राहते, आणि हा क्रम फाइल बदलल्याच्या तारखेवरून ठरत असल्यामुळे नीट लावलेली प्रत जाऊन बॅकअपमधली शिल्लक राहण्याची भीती वाटते. प्रत्येक गट हाताने निवडणे केवळ अशक्य आहे. हार्ड लिंकचा (एकाच साठवलेल्या फाइलला दोन ठिकाणी नावे देण्याचा) मार्गही बंद आहे, कारण डिस्क विंडोजलाही जोडावी लागत असल्याने ती एक्सफॅट या फाइल पद्धतीत आहे आणि तिथे हार्ड लिंक चालत नाहीत.

दुसरा प्रश्न व्हॉट्सअॅपवरून आलेल्या प्रतींचा. ‘आयएमजी-२०१९०९०२-डब्ल्यूए००११’ हा गणपती बसले त्या दिवशीचा फोटो मूळ रूपात काही एमबींचा आहे. व्हॉट्सअॅपने तो दाबून लहान केला आणि त्यातली एक्झिफ माहितीही (फोटो कधी, कशाने काढला ही नोंद) काढून टाकली. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण बाइट जुळत नसल्याने एफडुप्सला ते दुबार वाटत नाहीत. यावर काय करावे?

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

पहिल्या कामासाठी आरएमलिंट हा दुबार फायली शोधणारा दुसरा प्रोग्रॅम वापरा. त्याला आधी ‘जुने बॅकअप’, मग दोन तिरप्या रेघा आणि त्यानंतर ‘वर्षवार’ असे मार्ग द्या. सोबत ‘-के’ आणि ‘-एम’ (दोन्ही छोट्या लिपीत) हे पर्याय जोडले की ‘वर्षवार’मधल्या फायलींना हात लागत नाही आणि बॅकअपमधल्या फक्त त्याच फायली यादीत येतात, ज्यांची जोडी ‘वर्षवार’मध्ये आहे. बॅकअपमधल्या आपसातल्या दुबार फायली मात्र यात सुटतात, त्यांच्यासाठी वेगळी फेरी करावी लागेल. आरएमलिंट एरवी रिकाम्या फायली आणि रिकामे फोल्डरही शोधत बसते, म्हणून शोध दुबार फायलींपुरता मर्यादित ठेवावा. ते स्वतः काहीच पुसत नाही, एक स्क्रिप्ट तयार करून देते. ती वाचून, पटली तरच चालवा.

व्हॉट्सअॅपच्या प्रतींसाठी च्काव्का या प्रोग्रॅममधला सारखी चित्रे शोधण्याचा पर्याय पाहा. तो चित्राच्या रूपावरून ताडतो, त्यामुळे एकामागोमाग टिपलेले दोन वेगळे फोटोही एकाच गटात येऊ शकतात. तिथे आपोआप निवडीवर अजिबात विसंबू नका.